राजवीर नावाचा गोऱ्हा

मी माझ्या धाकट्या भावाचं नाव, त्याचं बारसं व्हायच्या आधीच, आमच्या गाईच्या गोऱ्ह्याला ठेवलं. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं, कोणी भरीला घातलं नव्हतं, आणि मी काही लहानही नव्हतो. नववीत होतो. ओठावर मिसरूड फुटत होती आणि ती लोकांना दिसावी म्हणून मी उन्हाकडे तोंड करून बसत असे. तेव्हा हा प्रकार पूर्ण विचारांती झाला. माझ्या आयुष्यातले बहुतेक मोठे गाढवपणे मी घाईत केलेले नाहीत. बसून, बरं-वाईट पाहून, सावकाश केले आहेत.

माझं स्वतःचं नाव उकंडराव. आता या वयात ते सांगताना मला काही वाटत नाही, असं मी लोकांना सांगतो. आमच्या वर्ध्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. माझ्या आधी आईची दोन लेकरं पाळण्यातच गेली. मी झालो तेव्हा रोहण्याहून माझी मोठी आत्या आली, तिनं मला सुपात घातलं, घरामागच्या उकंड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारच्या शेवंताकाकूला मला उचलायला लावलं. मग आईनं पसाभर ज्वारी देऊन मला शेवंताकाकूकडून परत घेतलं. हे पोरगं या घरचं नव्हेच, उकंड्यावर सापडलेला माल आहे, याच्याकडे कशाला पाहतोस, असं यमाला बजावायची ही रीत. यम फसला. यमाला फसवणं सोपं असावं, वर्गातल्या पोरांना फसवता येत नाही. हजेरीत माझं नाव आलं की मागच्या बाकावरचं कोणी ना कोणी नाक दाबून धरायचं. ही सगळी हकिगत मला तोंडपाठ होती, कारण आईनं, शेवंताकाकूनं आणि सगळ्यात जास्त वेळा आत्यानं ती सांगितली होती. मी आत्यासमोर जरा शहाणपणा केला की ती म्हणे, "तुह्या बारशाच्या घुगऱ्या म्या शिजवल्या बे, मले कायले शिकवतं?" ती गोष्ट ऐकताना बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मला मात्र त्यात एवढंच दिसायचं की सूप शेणात टेकलं होतं. (लग्नात बायकोला नाव घ्यायला सांगितलं तेव्हा तिनं केळझरच्या गणपतीपासून सुरुवात केली, महादेव, मारोती, सगळे देव घेतले, आणि शेवटी 'यांचं नाव घेते' एवढ्यावर भागवलं. उकंडरावाशी यमक जुळेल असं तिला काही सापडलं नाही. शोधलं, असं ती म्हणते.)

आमचं किराणा दुकान पवनारच्या बस थांब्याजवळ. पुढे दुकान, मधे एक लांबट खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे गोठा. त्यामुळे आमच्या घराला एकाच वेळी हळद, घासलेट, फोडणी आणि शेण असे चार वास होते, आणि पाहुण्याला कोणता आधी येईल ते वाऱ्यावर असायचं. मधल्या खोलीत टीव्ही होता. बाबांनी तो गिऱ्हाईक टिकावं म्हणून आणला, असं ते म्हणत. खरं तर आईसाठी आणला होता, पण बायकोसाठी टीव्ही आणला हे पवनारात सांगायची तेव्हा पद्धत नव्हती. दर रविवारी सकाळी त्यावर राजवीर यायचा. त्या हिंदी मालिकेचा तो नायक. मोटारसायकलवरून यायचा, कपाळावर केसांची एक बट ठेवायचा, दुष्ट सावकाराच्या कॉलरला हात घालायचा, आणि त्याच्या प्रत्येक येण्याला वेगळं संगीत वाजायचं. त्या वेळात धाम नदीच्या घाटावर एक बाई धुण्याला सापडायची नाही. सगळ्या आमच्या मधल्या खोलीत, चटईवर, मांडीवर लेकरं घेऊन. आई कढईभर आलूपोहे करायची, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरायची, आणि सुगंध थेट माझ्यापर्यंत वर यायचा. वर म्हणजे छपराच्या कवेलूंवर. कारण अँटिना फिरवायचं काम माझं होतं. "आला का?" मी वरून ओरडायचो. "आला, आला! हालू नको!" खालून पन्नास तोंडं ओरडायची. मग मी एक हात अँटिनेला आणि एक पाय आड्याला लावून तसाच थांबायचो. राजवीरला मी जेवढा ऐकला तेवढा पाहिला नाही. कदाचित म्हणूनच तो मला इतका आवडला. माझ्या डोक्यातल्या राजवीरचं तोंड हळूहळू माझ्यासारखं होत गेलं.

इंग्रजीत मी कच्चा होतो म्हणून बाबांनी मला वर्ध्याला एका सरांकडे शिकवणी लावली. शाळा सुटली की बसनं जायचं, सरांच्या पडवीत सतरंजीवर बसायचं, अंधार पडायच्या आत परत. पवनारचं दुसरं कोणी तिथं नव्हतं. पहिल्या दिवशी सरांनी नावं विचारली. माझ्या अलीकडच्या पोरानं 'अमित' सांगितलं, त्याच्या अलीकडच्यानं 'नितीन', आणि समोर बसलेल्या, दोन वेण्या घातलेल्या मुलीनं 'मेघना'. मेघना! आमच्या गल्लीत कुंदा होती, बेबी होती, आणि सातव्या मुलीनंतरची नकोशी होती. मेघना हे नाव मी पहिल्यांदाच माणसाच्या तोंडून ऐकत होतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडात 'उ' आला होता, तो मी गिळला आणि म्हणालो, "राजवीर." मेघनानं वळून पाहिलं. तेवढं वळणं मला पुढे वर्षभर पुरलं. तेव्हापासून वर्ध्याची बस सुटली की मी खिशातला कंगवा काढून कपाळावर एक बट पाडायचो, आणि परतीच्या बसमधून उतरताना ती पुन्हा तेलानं चापून बसवायचो. शाळेतल्या एका गुरुजींनी कधीतरी सांगितलं होतं की दहावीच्या आधी नाव बदलून घेता येतं, मग नाही. म्हणजे माझ्याकडे वेळ होता. बाबांचा मूड पाहून, कापसाचा हंगाम चांगला गेला आणि गिऱ्हाइकांची उधारी वसूल झाली की, हा विषय काढायचा असं मी ठरवून ठेवलं होतं. नाव माझंच होतं, फक्त कागदावर यायचं बाकी होतं.

आणि आईला दिवस गेले. नववीतल्या मुलाच्या आईला दिवस जाणं ही त्या मुलासाठी काय गोष्ट असते ते मी सांगत बसत नाही. काही दिवस मी दुकानात बसलोच नाही, कारण गिऱ्हाइकं साखर घेता घेता आत डोकावून हसायची. आई मात्र निवांत होती. रविवारी उशी पाठीला लावून राजवीर पाहायची. मुलगा झाला. गुटगुटीत, उजळ, रडला तर रस्त्यावरचा बसवाला हॉर्न वाजवायचं थांबवील एवढा दमदार. मधल्या खोलीला पडदा लागला, बाजेखाली शेगडी आली, ओव्याची धुरी घरभर फिरायला लागली. आईसाठी डिंकाचे लाडू झाले, ते मी चोरून खाल्ले. बाळाला गरम पाण्यानं अंघोळ, मग वेखंड, मग धुरी, मग काजळ, मग टाळूवर तेल. मी पडद्याच्या फटीतून पाहत असे. कोणी सूप हुडकलं नाही. कोणी मागच्या दारानं उकंड्याकडे गेलं नाही. या पोराला कोणी शेणात टेकवायचं नावच काढत नव्हतं. त्याच्याकडे सगळे असे पाहत की जणू तो जगणार हे आधीच ठरलेलं आहे. मला तो मनापासून आवडत नव्हता.

त्याच आठवड्यात आमची कपिली गाय व्याली. तिलाही गोऱ्हाच झाला, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. त्याची सरबराई माझ्याकडे आली, आणि आमचं बरं जमलं. त्या घरात तेव्हा ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं असे आम्ही दोघंच होतो.

एका सकाळी दुकानात बाबा साखर जोखत होते. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "भाऊ, पोराचं नाव काय ठेवनार?"

"आत्या ठेवीन थे खरं," बाबा म्हणाले. "पन याच्या मायच्या मनात राजवीर हाय. हट्टच धरून बसली. म्हटलं, ठेवू. आपल्याले काय, हाकच माराची हाय."

मी चहाच्या पुड्या लावत होतो. एक खाली पडली.

"राजवीर?" मी म्हणालो.

"हाव. काऊन?"

"नाई… पन थे… थे त माह्यं…"

"काय तुह्यं?"

"काई नाई," मी म्हणालो.

त्या दिवशी मला जो काही मत्सर झाला त्याला शब्द नाही, पण जागा आहे: बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला, अजूनही बोट ठेवून दाखवीन. आई त्याला मांडीवर घेऊन मालिकेच्या सुरुवातीची धून गुणगुणायची. माझ्या वेळी तिनं काय गुणगुणलं होतं? त्याच्या अंगड्यावर जरीचं फूल होतं. मला शेवंताकाकूच्या नातवाचं उतरलेलं अंगडं घातलं होतं, मुद्दाम, नजर लागू नये म्हणून. त्याला आयतं नाव, आयतं आयुष्य, आयती मोटारसायकल. आणि मी, ज्यानं त्या नावासाठी कवेलूंवर उभं राहून पाय भाजून घेतले, मी काय? सरांच्या पडवीतला भामटा. एकदा का आत्यानं कानात नाव सांगितलं की ते नाव त्या लेकराचं. मग मी काही केलं तरी एका घरात दोन राजवीर होणार नव्हते. बारसं तोंडावर आलं होतं.

इथं मी बसून विचार केला. आमच्या गल्लीचा एक नियम होता, आणि तो कोणी मोडलेला मी पाहिला नव्हता: घरच्या किंवा दारच्या जनावराचं जे नाव, ते लेकराला ठेवायचं नाही. हाक मारली की दोघंही येतात, आणि लोक हसतात. शेवंताकाकूच्या नातीचं नाव गौरी ठरलं होतं. समोरच्यांची गाय गौरी निघाली, आणि पोरीला ऐनवेळी गीता करावं लागलं. मी दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात गेलो, गोऱ्ह्याच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणालो, "राजवीर." त्यानं माझं नाक चाटलं. मग मी त्याला अंगणात सोडलं आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाका मारायला सुरुवात केली. "ए राजवीर! हट्! इकडे ये, राजवीर! राजवीर, थो परकर खाऊ नको!" पोरं जमली. पोरांना असल्या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. संध्याकाळपर्यंत गल्लीतलं प्रत्येक शेंबडं पोर गोऱ्ह्यामागे राजवीर, राजवीर करत धावत होतं, आणि तोही लेकाचा त्या नावाला कान टवकारून थांबायला शिकला. टीव्हीवरच्या राजवीरनंही पवनारात इतकी गर्दी जमवली नव्हती.

मी अंगणाच्या कडेला उभा राहून हे यश पाहत होतो, आणि तेव्हा, केवळ तेव्हाच, माझ्या लक्षात आलं की ज्या नावाला आता गोऱ्हा ओ देतो ते नाव मलाही घेता येणार नाही. या योजनेत भोक होतं, आणि त्यातून गोऱ्हा काय, जोडीचा बैल सुखानं जाऊ शकला असता.

आईनं पडद्यातून हाक मारली. "उकंड्या, इकडे ये. गोऱ्ह्याले थे नाव कोनं ठेवलं?"

"मी. सहज तोंडात आलं व."

"सहज?"

"हाव."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बाळाचं दुपटं सारखं केलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या पोराला मी दुखवलं तर मला चाललं असतं. आईचं तोंड भिंतीकडे होईल हे माझ्या हिशेबात नव्हतं. तरीसुद्धा, खरं सांगायचं तर, मनातून मी 'बघ!' म्हणालोच. आता नाव मला नाही तर नाही, पण त्यालाही नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी आत्या उतरली. बाबांपेक्षा थोरली, उंच, आवाज मारकुट्या म्हशीला मागे वळवणारा. एका हातात बाळंतविड्याची पिशवी, दुसऱ्यात घुगऱ्यांचे हरभरे. अंगणात पाय टाकते तो समोरून पोरं आणि गोऱ्हा.

"कोनाले बोलावून राह्यले बे, राजवीर राजवीर?"

"गोऱ्ह्याले, आजी!"

"आन् आमच्या लेकराले काय म्हनून बोलावनार?" तिनं दारात उभ्या बाबांना विचारलं. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आत्यानं पिशव्या खाली ठेवल्या, मला खालून वर पाहिलं, आणि हसायला लागली. हसता हसता तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. आतून आईचा रडवा आवाज आला, "हसता काय बाई, आता कसं कराचं थे सांगा."

"आता आली ना मी. उद्या पाहू," आत्या म्हणाली.

आत्याच्या मनात वामन हे नाव होतं, ते मला ठाऊक होतं, कारण तिच्या सासऱ्यांचं नाव वामन आणि ती ते कोणाच्या तरी गळ्यात घालायला जागा शोधत होती. वामन! मला त्या रात्री छान झोप लागली.

बारशाच्या सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. घुगऱ्या शिजत होत्या, पुडाच्या वड्या तळल्या जात होत्या, कोणी पाळण्याला झेंडूच्या माळा बांधत होतं. बाबांनी वर्ध्याच्या आपल्या ठोक व्यापाऱ्यालाही सहकुटुंब बोलावलं होतं. त्याला मी आयुष्यभर 'शेठजी' याच नावानं ओळखत होतो, त्याला घरदार असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. मला अंगण झाडून गोठा साफ करायचं काम होतं. फाटकी बनियन, डोक्यावर शेणाची पाटी, आणि मागून आवाज आला, "अरे, राजवीर! तू इथं काय करतो?"

दोन वेण्या, निळा फ्रॉक. शेठजींच्या मागे मेघना उभी होती.

मी पाटी खाली ठेवायला हवी होती. ठेवली नाही. डोक्यावर होती तशीच राहू दिली आणि हसलो. माझ्या मते रुबाबदार हसलो. तेवढ्यात शेवंताकाकू पाणी घेऊन आली. "राजवीर? माय व पोरी, राजवीर त थो बांधला हाय!" तिनं खुंट्याकडे हात केला. "हा आमचा उकंडा."

मेघनानं गोऱ्ह्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गोऱ्ह्याकडे पाहिलं. गोऱ्ह्यानं नाव ऐकून कान टवकारले होते. मी टवकारले नव्हते, पण ते लाल झाल्याचं मला आतून कळत होतं. ती आत निघून गेली. जाताना तिच्या खांद्यांची जी थरथर चालली होती ती रडण्याची नव्हती.

आतून बायकांचा गलका वाढला. मी हात न धुता खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पाळण्याखालून-वरून लेकराची देवाणघेवाण झाली, गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आणि नाव सांगायला आत्या पाळण्याशी बसली. आमच्याकडे आत्या नाव सांगण्याआधी मान मागते, आणि तो मिळाल्याशिवाय तोंड उघडत नाही. बाबांनी जरीकाठाचं लुगडं पुढे केलं. आत्यानं ते हातानं मागे सारलं.

"मले लुगडं नको, नारायण. मले थो गोऱ्हा पायजे."

"गोऱ्हा? बाई, थो त अजून दुधावर हाय."

"दूध सुटलं का धाडून देजो. पन आजपासून थो रोहण्याचा, माह्या घरचा. तुह्या घरचं नाव मोकळं. बोल, कबूल हाय का? नाईतर बसतो मी अशीच, घुगऱ्या थंड होऊ दे."

बाबा हसले, आई पदराआडून हसली, आणि बाबा म्हणाले, "नेजो बाई." आत्या पाळण्यात वाकली. 'कुर्र' केलं आणि त्याच्या कानात नाव सांगितलं, एवढ्या हळू की ते फक्त पवनारात ऐकू गेलं. राजवीर. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि मी खिडकीशी उभा राहून मनातल्या मनात घातले ते वेगळेच.

(त्या नावानं त्याचं काही फार भलं केलं अशातला भाग नाही. त्या मालिकेनं जिल्हाभरच्या आयांना एकाच वेळी घेरलं होतं. तो शाळेत गेला तेव्हा त्याच्या एका वर्गात इतके राजवीर निघाले की बाई त्यांना गावाच्या नावानं हाक मारत, आणि आमचा राजवीर दहावीपर्यंत 'पवनार' होता. ही गोष्ट मी त्याला दर दिवाळीला ऐकवतो. पण त्याच्या लग्नपत्रिकेवर ते नाव सोनेरी अक्षरात उमटलं तेव्हा ती पत्रिका मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो, आणि बायकोनं विचारलं तर म्हणालो, छपाई बरी आहे.)

खिडकीशी मला काय झालं कोण जाणे. मेघना समोर बसली होती, तिच्या हातात घुगऱ्यांचा द्रोण होता, आणि आई त्या पोराला पाळण्यातून उचलून छातीशी धरून "माह्या राजवीर, माह्या राजवीर" करत होती. मी खिडकीतून गेलो नाही एवढंच, दारातून गेलो. शेणाच्या हातांनी.

"त्याले राजवीर, आन् मले?" मी ओरडलो. आवाज फुटायच्या वयातला होता, मधेच बारीक झाला. "मोठा मी हाय! वर्ध्याले मले सारे राजवीर म्हनतात, विचारा हिले! थे नाव माह्यं होतं. मले बदलून पायजे होतं. मले कोनं विचारलं का, तुले उकंडा चालन का म्हनून?"

मेघनाचा द्रोणाकडे जाणारा हात थांबला. बाबा उठायला लागले, पण आईनं त्यांना नजरेनं बसवलं. ती रागावली नव्हती. राजवीरला तिनं मांडीवर घेतलं आणि मला आपल्याजवळ ओढलं, शेणाचा हात तसाच धरून.

"कोनं विचाराचं होतं तुले?" ती म्हणाली. "याचं नाव ठेवाले मी टीवी पाह्यला. तुह्या वेळेस मी टीवी कुठून पाहीन, बाप्पा? तुह्या वेळेस मी रात्रंदिवस तुह्या नाकाशी बोट धरून बसली होती. हवा लागते का, पाहत होती. नाव बाईनं ठेवलं. मले थे ऐकूही नाई आलं. मले येवढंच पायजे होतं, तू जगला पायजे."

शेवंताकाकूनं पदर तोंडाला लावला. पाळण्याची माळ हलत होती. मान खाली घालून मी उभा होतो, पण बरगड्यांखालची ती जागा होती तशीच दुखत होती, आणि मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मेघनाकडे पाहिलं, आपल्याबद्दल आता तिला काय वाटत असेल म्हणून.

आत्या भिंतीला टेकून पाठ चोळत बसली होती. "जगला," ती म्हणाली, "आन् केलं काय? गोऱ्ह्याचं बारसं."